देवळालीचा ताप आणि गिऱ्हाइकाची जीभ

नाशिकजवळचे देवळाली हे मराठी वाचकाला छावणीचे गाव म्हणून परिचित आहे. १८६१ साली तेथे ब्रिटिश सैन्याची संक्रमण-छावणी उभी राहिली. हिंदुस्थानातील नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथे पडून राहत. बोटी ठरावीक हंगामातच सुटत. त्यामुळे अवेळी मुदत संपलेल्यांच्या वाट्याला महिनोन् महिन्यांचे रिकामपण येई. ऊन, कंटाळा आणि ज्वर यांनी पछाडलेल्या या शिपायांच्या मनःस्थितीला सैनिकी बोलीत ‘डूलाली टॅप’ असे नाव पडले. ‘डूलाली’ म्हणजे देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पुढे ‘टॅप’ गळाला आणि ‘डूलाली’ एवढाच शब्द ‘डोके फिरलेला’ या अर्थी इंग्रजी बोलीत रूढ झाला. २००९ मध्ये पुण्यात जी क्राफ्ट बिअरची जागा सुरू झाली, आणि जी या प्रकारच्या देशातील अगदी पहिल्या जागांपैकी एक होय, तिने हेच नाव धारण केले. एका मराठी गावाचे नाव साहेबाच्या तोंडी जाऊन, वेडाचा अर्थ घेऊन, दीड शतकाने पुन्हा मराठी मुलखात पाटीवर आले. बिअरच्या तोटीलाही इंग्रजीत ‘टॅप’च म्हणतात, हा आणखी एक योगायोग. या पाटीखाली बसून पेला उचलणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण आपल्याच गावाचे नाव परक्या उच्चारात वाचीत आहो, याची जाणीव असतेच असे नाही.

शब्दांच्या या येण्याजाण्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय त्या पाटीखाली बसलेले गिऱ्हाईक हा आहे. साहित्याच्या अभ्यासकाने बिअरच्या दुकानाकडे कशासाठी वळावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की गुत्ता, पिठा, परमिट रूम या जुन्या जागांहून ही नवी जागा एका बाबतीत मूलतः वेगळी आहे. येथे बिअर तेथल्या तेथे तयार होते, काचेपलीकडे उभी असलेली तांब्याची वा पोलादाची पिंपे गिऱ्हाइकाला दिसतात, आणि पेल्याबरोबर त्या पेयाचे वर्णनही त्याच्यासमोर ठेवले जाते. फळ्यावर खडूने लिहिलेले असते, की अमुक बिअरमध्ये ग्रेपफ्रूटचा आणि पाइनचा गंध आहे, तमुक बिअरमध्ये कॉफी आणि चॉकलेट आहे. मग वेटर विचारतो, ‘कशी वाटली?’ गुत्त्यात हा प्रश्न कोणी विचारीत नसे. आस्वाद घेणाऱ्याने आपला आस्वाद शब्दांत सांगावा, अशी अपेक्षा ज्या मोजक्या सार्वजनिक ठिकाणी आज केली जाते, त्यांपैकी हे एक होय. आस्वाद आणि शब्द यांचा संबंध हा तर आपला नित्याचाच विषय.

दोनेक वर्षांपूर्वी पुण्यातील अशाच एका ठिकाणी (नावाशी आपल्याला कर्तव्य नाही) शेजारच्या टेबलावर घडलेला प्रसंग सांगतो. सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ आणि त्यांचा तिशीतला मुलगा असे दोघे बसले होते. मुलगा या विषयातला जाणकार असावा. त्याने सहा प्रकारच्या बिअर लहान लहान पेल्यांतून, एका लाकडी फळीवर मांडून मागविल्या आणि तो वडिलांना एकेक चाखावयास देऊ लागला. तिसरा पेला ‘इंडिया पेल एल’चा होता. वडिलांनी घोट घेतला, क्षणभर तोंडात घोळवला, आणि चांगल्या खणखणीत आवाजात ते म्हणाले, ‘‘अरे, हा तर काढा आहे!’’

आजूबाजूला हसू फुटले. मुलगा ओशाळला. ‘‘बाबा, हळू. असं नसतं म्हणायचं. फळ्यावर बघा ना, काय लिहिलंय ते,’’ तो म्हणाला. वेटरने तत्परतेने विचारले, की आवडली नसेल तर गव्हाची आणू का, ती सौम्य असते. वडिलांनी फळ्याकडे पाहिले, मान हलवली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पेल्याला ते ‘छान आहे’ एवढेच म्हणाले. सहाव्या पेल्यापर्यंत त्यांच्या तोंडून दुसरे विशेषण निघाले नाही.

त्या संध्याकाळी त्या जागेत बिअरविषयी जे जे बोलले गेले असेल, त्यांत त्या गृहस्थांचे ते एक वाक्यच सर्वाधिक अचूक होते, असे माझे मत आहे. इंडिया पेल एल ही अक्षरशः काढा असते. मोड आणून वाळविलेले सातू गरम पाण्यात भिजवून त्यांचा गोड रस काढतात, आणि त्या रसात हॉप नावाच्या वेलीची फुले घालून तो तासभर उकळतात. फुलांतील कडवटपणा उकळण्यानेच रसात उतरतो. जितका वेळ उकळावे तितका तो अधिक उतरतो. गंध टिकवावयाचा असेल, तर काही फुले उकळी संपता संपता किंवा रस निवल्यानंतर टाकतात. मग किण्व मिसळून रस आंबवतात. गुळवेल, किराईत, अडुळसा उकळून घरोघरी जे होते तेच येथे होते, फरक आंबवण्याचा. त्या गृहस्थांची जीभ फळ्याच्या मागे जाऊन थेट भट्टीपर्यंत पोहोचली होती. त्यांना तक्रारही करावयाची नव्हती. आपल्या अनुभवाला त्यांनी आपल्या अनुभवातली उपमा दिली होती. परंतु ती फळ्यावर नव्हती, म्हणून ती चूक ठरली, आणि चूक ठरल्यावर ते गप्प झाले. पैसे दिलेला, पेला रिकामा केलेला, आणि अनुभव मात्र स्वतःचा न राहिलेला माणूस तेथून उठून गेला.

मला जे म्हणावयाचे आहे ते या प्रसंगातून निघते. वस्तूचे नाव ती वस्तू करणाराचे असते. तिचे विशेषण ती चाखणाराचे असते. म्हणून नावे उसनी घेतल्याने भाषेचे फारसे बिघडत नाही. पाव, बटाटा, साबण ही नावे आपण परक्यांकडून घेतली आणि त्यांचे परकेपण विसरलो. लागर, एल, स्टाउट ही नावेही तशीच घ्यावीत. परंतु ‘कशी लागते’ या प्रश्नाचे उत्तर उसने घेता येत नाही. कारण ते उत्तर देणे म्हणजेच अनुभव घेणे. इंग्रजी विशेषण वापरले हा येथे दोष नव्हे. शेकडो इंग्रजी शब्द मराठीने पचविले आहेत. दोष आहे तो क्रमाचा. चव जिभेवर येण्याआधी तिचे वर्णन डोळ्यांपुढे येते, आणि मग गिऱ्हाईक चव न शोधता ते वर्णन शोधू लागते. ते सापडले तर आपण रसिक, न सापडले तर आपण अडाणी.

ज्या देशांतून हा फळा आला, तेथे गोष्टी याच्या उलट क्रमाने घडल्या, हे ध्यानात घेतले पाहिजे. इंग्लंडमध्ये १९४६ साली जॉर्ज ऑर्वेलने ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ या पत्रात एका आदर्श पबाविषयी लेख लिहिला. त्यातील पब काल्पनिक होता, पण त्याविषयीच्या अपेक्षा एका जाणत्या गिऱ्हाइकाच्या होत्या : तेथील माणसे, निवांतपणा, पेल्याचा आकार आणि ओळखीने केलेली विचारपूस. १९७१ साली तेथे बिअर पिणाऱ्या चौघांनी एक चळवळ सुरू केली. मोठ्या कारखान्यांनी वायू भरून विकावयास काढलेल्या एकसुरी बिअरविरुद्ध, पिंपात मुरत राहणाऱ्या जुन्या एलच्या रक्षणासाठी ती होती. आज ती ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ या नावाने प्रसिद्ध आहे. ही चळवळ कारखानदारांची नव्हती, ग्राहकांची होती. आणि तिचे पहिले भांडण चवीवरून होते. १९७७ मध्ये मायकेल जॅक्सन या पत्रकाराचे (प्रख्यात गायकाचा हा केवळ नामबंधू) जगभरातील बिअरविषयीचे पुस्तक निघाले, आणि बिअरच्या प्रकारांविषयी बोलण्याची एक व्यवस्थित परिभाषा वाचकांच्या हाती आली. अमेरिकेत १९७८ मध्ये घरगुती बिअर करण्यास संघराज्याच्या कायद्याने मुभा मिळाली. स्वयंपाकघरात पिंप मांडून बसलेल्या हौशी माणसांतून पुढचे कितीतरी व्यावसायिक निर्माण झाले. १९७९ मध्ये मॉर्टन माइलगार्ड या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बिअरमधील शंभराहून अधिक गंधांची आणि चवींची नावे निश्चित करून त्यांचे एक चक्र प्रसिद्ध केले. तात्पर्य, तेथे आधी गिऱ्हाईक भांडले, मग त्याने स्वतः करून पाहिले, मग शब्द जुळविले, आणि शेवटी फळा लिहिला गेला. आपल्याकडे फळा आधी आला. घरी बिअर करून पाहणे महाराष्ट्रात कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा करून शिकण्याची वाटही बंद.

फळ्यावरच्या शब्दांकडे जरा निरखून पाहिले, तर एक गंमत दिसते. ‘इंडिया पेल एल’ हे नावच आपल्या देशाचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो येथील हॉजसनची बिअर कंपनीच्या जहाजांतून कलकत्ता, मद्रास, मुंबईच्या गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी येऊ लागली. १८२०च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बॅस यांनी त्या बाजारात उडी घेतली. पुढे या फिक्या, कडवट बिअरच्या नावात ‘इंडिया’ शिरले ते गिऱ्हाईक जेथे राहत होते त्या देशाचे नाव म्हणून. आज आपण जी इंडिया पेल एल पितो तिला मात्र बहुधा अमेरिकन वळण असते. १९७२ मध्ये अमेरिकेत ‘कॅस्केड’ नावाची हॉपची जात प्रसारित झाली. तिच्या आणि तिच्यानंतरच्या जातींच्या फुलांना लिंबूवर्गीय फळांचा वास येतो, म्हणून फळ्यावर ग्रेपफ्रूट. आता ग्रेपफ्रूट हे फळ आपल्यापैकी कितीजणांनी सोलून खाल्ले आहे? परंतु त्याची आई आपल्या परसात आहे. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्रे यांचा संकर होय. पपनसाची जाड साल सोलताना बोटांना लागणारा तो उग्र, कडसर, किंचित गोड वास कोकणातल्या पोरालाही ठाऊक असतो. बेल्जमच्या पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि नारंगाची साल घालतात. धण्याचा वास ओळखावयास मराठी माणसाला बेल्जमला जावयाची गरज नाही. बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला तिच्या किण्वामुळे केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. आपण तर कोणते केळे हेही सांगू शकतो, कारण वेलची केळे आणि बसराई यांतला भेद आपल्या नाकाला ठाऊक आहे. फळ्यावरचे अर्धे सामान आपल्याच फडताळातले आहे. ते आपले म्हणून ओळखू येत नाही, इतकेच.

आणि शब्दांचे काय? दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड कोणीही उघडून पाहावेत. कडू, कडसर, कडवट, कडूजहर. आंबट, आंबूस, आंबटगोड. तुरट, उग्र, जहाल. खमंग, खरपूस, करपट, जळकट, धुरकट. गुळचट, मचूळ, पांचट, सपक, मिळमिळीत. खवट, कुबट, कळकट. स्टाउटमधील भाजलेल्या सातूला ‘खरपूस’ आणि फार भाजलेल्याला ‘करपट’ म्हटले, की इंग्रजीत ज्याला एक शब्द पुरत नाही तो भेद एका अक्षरगटात स्पष्ट होतो. माइलगार्डच्या चक्रात धातूच्या चवीचा एक दोष नोंदविलेला आहे. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक ‘कळकते’ हे आपल्या आजीला माहीत होते, आणि त्यासाठी तिच्यापाशी स्वतंत्र क्रियापद होते. पाणी घातल्यासारख्या बिअरला ‘पांचट’ याहून नेमका शब्द जगातल्या कोणत्या भाषेत असेल?

मग ही शब्दसंपत्ती त्या लाकडी फळीपर्यंत का पोहोचत नाही? माझ्या मते याचे कारण आधुनिक मराठीने मद्याशी जे नाते जोडले त्यात आहे. मराठीत मद्याविषयी बोलण्याच्या तीन रीती रूढ झाल्या. पहिली अधःपाताची. राम गणेश गडकरी यांचे १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘एकच प्याला’ हे तिचे सर्वश्रेष्ठ उदाहरण. सुधाकराला दारू कशी लागली हे नाटक विलक्षण सामर्थ्याने सांगते. ती कशी लागते, हे त्यात कोणी सांगत नाही, आणि त्या नाटकाचे ते प्रयोजनही नव्हे. ‘लागणे’ या एका क्रियापदाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत : चव लागणे आणि व्यसन लागणे. गडकऱ्यांनंतर दुसऱ्या अर्थाने पहिल्याला गिळून टाकले, असे म्हणावयास हरकत नाही. तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ हे मराठीतील मद्यपींच्या मंडळाचे सर्वांत प्रसिद्ध चित्र; परंतु त्या मंडळातील सभासद पेल्यावर भाष्य करीत नाहीत, पेल्याच्या समर्थनार्थ भाषणे करतात.

दुसरी रीत कायद्याची. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवानाधारक केले. ‘परमिट रूम’ हा शब्द त्यातूनच आला आणि तो आजही पाट्यांवर दिसतो. हा परवाना आरोग्याच्या रक्षणार्थ दिला जातो, अशी त्याची परिभाषा. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते पेय औषधच. आणि मग आमच्या त्या गृहस्थांनी त्याला काढा म्हटले, यात त्यांचे काय चुकले? परंतु परवानाधारकाने मात्रा घ्यावयाची असते, चवीविषयी बोलावयाचे नसते.

तिसरी रीत दुःखाची आणि प्रतिकाराची, आणि तिच्यापुढे मान लवविल्याखेरीज या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील स्त्रियांनी मतदान करून गावातले दुकान बंद पाडण्याचा हक्क मिळविला, आणि त्यातून ‘बाटली आडवी करणे’ हा एक जिवंत वाक्प्रचार मराठीला मिळाला. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली, आणि दोन्ही वेळी तीव्र वाद झाले. आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावी साक्षरतेच्या वर्गात वाचलेल्या एका धड्यातून स्त्रियांची ताडी-अराकविरोधी चळवळ उभी राहिली आणि १९९२ मध्ये ती जिल्हाभर पसरली. पुढच्या वर्षी राज्यात अराकवर बंदी आली. वाचता आलेल्या शब्दांनी माणसे काय करू शकतात, याचे यासारखे उदाहरण आपल्या काळात दुसरे नाही. ज्या घरात रोज संध्याकाळी मार बसतो, तेथे ‘किंचित आंबूस, शेवटी तुरट’ हे वर्णन क्रूर वाटेल, हे मला मान्य आहे.

तथापि या तीन रीतींत एक गोष्ट समान आहे. पेल्यात काय आहे याविषयी तिन्हींना बोलावयाचे नाही. पाप, परवाना आणि पीडा यांना विशेषणांची गरज नसते. त्यांना ‘दारू’ हे एकच नाम पुरते. म्हणून आपल्या साहित्यात दारू पुष्कळ आहे, पण तिची चव जवळजवळ नाही. चौथी रीत, म्हणजे परीक्षणाची, आपण घडविलीच नाही. आणि परीक्षण म्हणजे प्रशंसा नव्हे, हे साहित्यसमीक्षकांना तरी वेगळे सांगावयास नको. हातातला पेला कशाने बिघडला आहे हे ज्याला सांगता येते, त्याला तो खाली ठेवताही येतो. ‘छान आहे’ म्हणून सहाही पेले संपविणाऱ्याला ते कठीण जाते.

प्राचीनांची स्थिती अशी नव्हती. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील दुसऱ्या अधिकरणाचा पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाविषयी आहे. पानागार कसे असावे, हे तेथे सांगितले आहे : अनेक दालने, स्वतंत्र शय्या आणि आसने, सुगंध, फुलांच्या माळा, पाणी, आणि प्रत्येक ऋतूत सुखकर अशी व्यवस्था. इतकेच नव्हे, तर पिऊन झोपी गेलेल्या गिऱ्हाइकाचे दागिने वा पैसे नाहीसे झाले, तर दुकानदाराने ते भरून द्यावेत आणि तेवढाच दंडही द्यावा, असा नियम आहे. गुप्तहेर तेथे बसून गिऱ्हाइकांच्या खर्चावर नजर ठेवीत, हेही तितकेच खरे. कौटिल्य तो कौटिल्यच. परंतु पिणाऱ्यालाही काही हक्क असतात आणि त्याच्या सुखाला काही निकष असतात, ही जाणीव त्यामागे स्पष्ट आहे.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट आपल्या सर्वांच्या अभ्यासविषयाशी निगडित आहे. भरताने ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावून देताना जेवणाराचा दृष्टान्त घेतला. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाणारा सुमनस् पुरुष जसा रसांचा आस्वाद घेतो, तसा प्रेक्षक स्थायीभावांचा घेतो. पुढे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त पानकरसाचा दाखला दिला. पानक म्हणजे पन्हे : त्यात साखर, मिरे इत्यादी घटक वेगवेगळे असूनही पिताना त्या सर्वांहून निराळी अशी एक चव येते. भारतीय सौंदर्यशास्त्राचा केंद्रवर्ती सिद्धान्त एका पेल्यात उभा आहे. आपण वर्गात ‘आस्वादक समीक्षा’ शिकवितो, ‘चर्वणा’ या शब्दावर व्याख्याने देतो. परंतु त्या संज्ञा ज्या जिभेवरून आल्या ती जीभ समोर पेला आला, की फळ्यावरचे वाचून दाखविते.

ही जीभ स्थिर नव्हती, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. संस्कृतातील षड्रसांत ‘कटु’ म्हणजे मिरीसारखे झोंबणारे आणि ‘तिक्त’ म्हणजे कडुनिंबासारखे. मराठीत त्या ‘कटु’चाच ‘कडू’ झाला आणि त्याने कडुनिंबाची जागा घेतली. झोंबणाऱ्यासाठी ‘तिखट’ आले. बंगालीने मात्र ‘तिक्त’चा ‘तेतो’ करून जुना अर्थ सांभाळला. लोकांनी चाखता चाखता शब्दांच्या जागा बदलल्या, त्यासाठी कोणतेही मंडळ नेमले गेले नव्हते. चवीचे शब्द असेच घडतात.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की हे पुन्हा परिभाषा घडविण्याचे खूळ आहे. तसे नाही. बिअरला ‘यवसुरा’ म्हणण्याचा प्रयत्न कोशांतून झाला. तो शब्द कोणाच्याही घशाखाली उतरला नाही, आणि ते योग्यच झाले. ‘बिअर’ हा आता मराठी शब्द आहे. मला नवे शब्द नकोत, जुने शब्द उच्चारण्याची मोकळीक हवी आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुणे, बंगळूर, गुरगाव येथील या जागांत दहा भाषांची माणसे एकत्र बसतात. त्यांना जोडणारी भाषा इंग्रजीच असणार. हे खरे, परंतु जोडणारी भाषा आणि चाखणारी भाषा एकच असली पाहिजे, असा नियम नाही. कन्नड, तमिळ, पंजाबी गिऱ्हाइकाने आपापल्या भाषेतला नेमका शब्द त्या टेबलावर टाकला, आणि शेजाऱ्याने त्याचा अर्थ विचारला, तर तेवढ्यापुरते ते टेबल भारतीय भाषांचे एक चर्चासत्रच होईल. ज्या पेल्यात धणे आणि नारंगाची साल आहे, त्याच्याभोवती हे घडणे अशक्य का असावे?

शिवाय, हे शब्द केवळ स्वयंपाकघरात आहेत असेही नाही. किनारपट्टीवर माडी काढणाराला सकाळची गोड, दुपारची आंबूस आणि संध्याकाळची चढणारी यांतला उतार तासागणिक ठाऊक असतो. गोव्यात काजूच्या पहिल्या धारेचे हुर्राक आणि नंतरची फेणी यांची पारख करणारी नाके आहेत. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे त्या नाकांना सरकारी मान्यता मिळाली असे म्हणता येईल. मोहाच्या फुलांचा, तांदळाच्या हंडियाचा, अरुणाचलातील अपोंगचा विचार केला, तर चाखण्याची केवढी तरी भाषा आदिवासी बोलींतून विखुरलेली आढळेल. यांपैकी काही पेये करणाऱ्यांवर १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यापासून आजवर गुन्हेगारीचा शिक्का बसत आला. आता शहरातील एखाद्या महागड्या फळ्यावर ‘मोह’ हा शब्द स्थानिक चव म्हणून झळकतो. पण त्या फुलाविषयी बोलणारी भाषा त्याच्याबरोबर येत नाही. बोलींचे सर्वेक्षण करणाऱ्यांनी गाणी आणि कथा जमविल्या, त्याप्रमाणे या चाखण्याच्या शब्दांचीही नोंद करावी, अशी माझी सूचना आहे. ज्यांना ते येतात, ती पिढी उतरणीला लागली आहे.

शेवटी पुन्हा त्या गृहस्थांकडे वळतो. मराठीत ‘गिऱ्हाईक’ या शब्दाचे दोन उपयोग आहेत. दुकानात येतो तो गिऱ्हाईक. आणि चारचौघांत ज्याची टर उडविली जाते त्याचेही आपण ‘गिऱ्हाईक करतो’. त्या संध्याकाळी ते पहिल्या अर्थाने आत आले, आणि एक खरा शब्द उच्चारल्यामुळे दुसऱ्या अर्थाने गिऱ्हाईक झाले. त्यांच्या मुलाला मी दोष देत नाही. तो आपल्या वडिलांना हसू होण्यापासून वाचवू पाहत होता, आणि ते हसू त्या जागेतल्या आपणा सर्वांचे होते. त्यात माझेही होते, हे कबूल केले पाहिजे. काढ्याची उपमा किती अचूक होती, हे मला घरी आल्यावर सुचले. तेव्हा हसण्याऐवजी ‘‘कशाचा काढा, काका?’’ एवढे जरी विचारले असते, तर ते बहुधा किराईत की गुळवेल हे सांगू लागले असते, आणि उरलेले तीन पेले मुकाट्याने संपले नसते.